बद्द

४ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग, म्हणजे त्यांना हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाकून वाचावं लागणार नाही. त्यांचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. पिपाणीची दवाखान्यातली नोकरी कायम झाली. पोरगी एवढी मोठी झाली, लोकांना औषधं देते, तरी मी तिला पिपाणीच म्हणतो म्हणून चिडते. हिचंही बरं चाललंय, फक्त हल्ली पुटपुटायची सवय लागली आहे. स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलल्यासारखं बोलते. मी 'काय?' म्हटलं की 'काही नाही' म्हणते, आणि तेवढं मात्र मोठ्यानं.

फोन का करत नाहीस म्हणून विचारलंस. अगं, तुमच्या टेकडीवर सिग्नलची बोंब आहे. तुझं बोलणं अर्धवट येतं, मी भलत्याच प्रश्नाला हो म्हणतो आणि मग तू रुसतेस. मागच्या वेळी तू भाऊजींच्या पडण्याबद्दल सांगत होतीस आणि मी 'वा, छान' म्हणालो, ते अजून ऐकवतेस. पत्र बरं. पत्रात आवाज तुटत नाही.

आता लाकडाचं. तुला राग आलाय हे मला पहिल्याच ओळीत कळलं, कारण तू मला 'चिरंजीव' असं लिहिलंस. बाबा गेल्यापासून तू मला दोनदाच चिरंजीव म्हणाली आहेस आणि दोन्ही वेळा माझी खैर नव्हती. पण ताई, मी तुझं लाकूड मुद्दाम नाही परत पाठवलं. तूच मला शिकवलंस ना, चिरलेल्या लाकडाचं पातळ पान काठाजवळ दोन बोटांत अलगद धरायचं, मधोमध पेराने टकोरा मारायचा आणि तोंड बंद ठेवून ऐकायचं? मी तेच केलं. देवदाराची ती सगळी पानं मी एकेक करून धरली. गिटारच्या छातीवर बसायचं पान म्हणजे टकोऱ्यानंतर किती तरी वेळ घुमत राहायला हवं. ही सगळी बद्द. पुठ्ठ्यावर टकोरा मारावा तशी. एक वाजलं असतं तरी मी ठेवून घेतलं असतं, तुझ्यासाठी म्हणून.

तू म्हणतेस, 'मला तर वाजतंय.' आता हे कसं लिहावं कळत नाही, पण तुझ्याशी खोटं बोलून काय करू? वय सगळ्यांचंच होतं. इतकी वर्षं करवतीच्या आवाजात काढलीस. एकदा कान दाखवून घे. त्यात कमीपणा काही नाही. पिपाणीला सांगितलं तर ती तुमच्याजवळच्या एखाद्या डॉक्टरांचा पत्ता काढून देईल.

आणि वखारीकडेही बघ. मला वाटतं, छपरावर नवा पत्रा घातल्यापासून घोळ झालाय. पत्रा तापतो आणि लाकूड वरून भराभर सुकतं, आतून ओलं राहतं. थप्पीत दोन फळ्यांच्या मधल्या पट्ट्याही तू बारीक केल्यास असं भाऊजी मागे म्हणाले होते. वारा खेळला नाही तर लाकूड नुसतं जुनं होतं, मुरत नाही. बाबा असते तर त्यांनी तुला हे माझ्यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलं असतं.

एक गोष्ट माझ्याकडून कळलेली बरी. मागच्या महिन्यात आम्ही गिटार बनवणारे जमलो होतो तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, ताईंचं लाकूड अजून तसंच आहे ना? सगळे तुझ्याकडूनच घेतात. मी म्हणालो, आता पूर्वीचं राहिलं नाही. लोक भरवशाने विचारतात, मी तरी काय करू? तुझा भाऊ आहे म्हणून तुझी बाजू घ्यायची, हे बाबांनाही आवडलं नसतं.

सध्या मी एका व्यापाऱ्याकडून भट्टीत वाळवलेलं लाकूड घेतलंय. बाबांनी बघितलं असतं तर मला दाराबाहेर काढलं असतं, पण खरं सांगतो, कडक आहे. टकोरा मारला की बोटाला जाणवतो. गिटारी चांगल्या होतायत.

राग सोड. पत्र लिही.

तुझा तोंडफाटका,
धाकटा


११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. बांधलं असं होतंस की सोडवायला अर्धी सकाळ गेली. भाऊजींना सांग, एवढ्या गाठी लग्नातही मारत नाहीत.

इकडे हवा कोरडी आहे. हिने पुढच्या खोलीला रंग काढलाय, त्यामुळे सगळं सामान माझ्या कारखान्यात आलंय आणि मी दोन कपाटांच्या फटीत बसून रंधा मारतो. पिपाणी परवा म्हणाली, बाबा, तुम्ही टीव्ही एवढा मोठा का लावता, शेजारचे त्यांचा टीव्ही बंद करून आपलाच बघतात. मस्करीच करते. बाकी विशेष काही नाही.

तू पाठवलेली पानं पोचली. तू सगळ्या थप्प्या उतरवून पुन्हा रचल्यास, पट्ट्या बदलल्यास, पत्र्यावर झावळ्या टाकल्यास हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या पाठीचं दुखणं असताना एवढं करायचं नव्हतंस. पानं बघितली. रेषा सरळ आहेत, चिरलीही बरोबर आहेत. आवाजाचं काय सांगू, आत्ता माझ्याकडे एवढा पसारा आहे की नीट ऐकायला शांतता नाही. बघू.

ती संगीत शिकवणारी बाई आठवते? शाळेतली? तिने नवी गिटार परत आणली. म्हणाली, कानाला टोचते, मुलं हातात घेत नाहीत. आता मुलांना काय कळतं, पण ठेवून घेतली. तिच्या समोरच बाबांचं ते पान खुंटीवरून काढलं होतं, तेच, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला मी वाजवून दाखवतो ते. आता परत लावलेलं नाही. हवेनं बसलंय थोडं, आवाज उतरलाय. कापडात गुंडाळून ठेवलंय.

तुझ्या पत्रातल्या मुख्य गोष्टीचं उत्तर द्यायचं राहतंय. फर्निचरवाला सगळा माल एकदम उचलायला तयार आहे, आणि तू म्हणतेस की तू एकदा ये, सगळ्या थप्प्या तुझ्या कानाने ऐक, तू वाईट म्हणालास तर देऊन टाकीन. ताई, मला सध्या येणं जमणार नाही. कामं आहेत. रंगही चालू आहे. आणि माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर एवढं ठरवावं असं मला वाटत नाही. तुला योग्य वाटेल तसं कर. भाऊजींच्या गुडघ्याचाही विचार कर, किती दिवस तुम्ही दोघं फळ्या उचलणार?

तू लिहिलंस की आता तू टकोरा मारायचं सोडलंस, गिऱ्हाईक आलं की तोलून, वाळून हलकं झालेलं लाकूड देतेस. तोलून दिलेलंही वाईट नसतं. पुष्कळ लोक तसंच देतात.

घाईत आहे. ही जेवायला हाका मारते आहे, निदान तशी दिसते आहे.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टाने नाही. पिपाणी तुझ्या हातात देईल. तिच्या पिशवीत भाऊजींच्या गुडघ्याचं मलम आहे, तुझ्यासाठी चपला आहेत आणि हिने विणलेला स्वेटर आहे, ज्याची एक बाही लांब झाली आहे. ती आतून दुमडून घालावी असा हिचा निरोप. पिपाणीला काही विचारू नकोस. तिला सगळं माहीत आहे, पण मी तिला सांगितलंय की माझ्या वतीने एक शब्दही बोलायचा नाही. हे मला तुझ्यासमोर येऊन बोलता आलं असतं तर बरं होतं, पण तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाबांचं पान हवेनं बसलंय. ते खोटं आहे.

काय झालं ते सांगतो. संगीताच्या बाई गिटार परत घेऊन आल्या होत्या. मी रागावलो होतो. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं की आवाज म्हणजे काय हे आमच्या घराण्याला कुणी शिकवायला नको. म्हणून बाबांचं पान खुंटीवरून काढलं, काठाशी धरलं आणि टकोरा मारला. बद्द. ताई, अगदी तुझ्या पानांसारखं बद्द. मला वाटलं, धरायला चुकलो. बोटं सरकवली, पुन्हा मारला. पुन्हा तेच. मी काही तरी सबब सांगणार इतक्यात बाईंनी हाताने मला थांबवलं. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, 'किती वेळ वाजत राहतं हो हे! माझ्या गिटारमध्ये हे का नाही आलं?'

मी त्यांना चहा दिला. पैसे परत दिले. काय बोललो आठवत नाही. त्या गेल्यावर पान कापडात गुंडाळलं आणि कपाटामागे सारलं, चोरीचा माल लपवावा तसं.

हे सगळं मी तुला ११ मार्चचं पत्र लिहिलं त्याच्या आधी झालं होतं. हे नीट वाच, कारण मी पहिल्यापासून चुकलो होतो एवढंच सांगून मला सुटायचं नाहीये. पहिलं पत्र लिहिताना मला माहीत नव्हतं. दुसरं लिहिताना माहीत होतं. तू 'ये आणि ऐक' म्हणालीस तेव्हा माहीत होतं. 'तुला योग्य वाटेल तसं कर' हे वाक्य मी माहीत असताना लिहिलं. वखार गेली तर निदान पुढे कुणी येऊन बाबांचं आणि तुझं पान शेजारी धरून वाजवणार नाही, असं माझ्या मनात आलं होतं. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

पिपाणीने मला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला कधीपासून संशय होता, ही तर वर्षभर म्हणतच होती, मीच तिला पुटपुटी ठरवलं. तिथे एका लहानशा बंद खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला घूं घूं असं आलं, मी दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मी वाट बघत बसलो. मग डॉक्टरांनी दार उघडलं. मी म्हटलं, पुढचं कधी सुरू करणार? ते म्हणाले, झालं की सगळं. काचेपलीकडे पिपाणी उभी होती आणि ती रडत होती. ती काही तरी बोललीसुद्धा.

खालचे आवाज मला येतात, म्हणून माणसं बोलतात एवढं कळतं. वरचे गेले. टकोऱ्यानंतर जे रेंगाळत राहतं ते सगळं वरच असतं. रंध्याने आणि यंत्राने गेले असं डॉक्टर म्हणतात. पिपाणीचा आवाज घोगरा झाला असं मला वाटत होतं, मी समजत होतो की पोरगी मोठी झाली. फोनचंही तेच. तुमच्या टेकडीवर सिग्नल उत्तम आहे, मला ठाऊक आहे. मला तुझं बोलणं कळत नाही आणि मी ते सांगायला लाजतो.

आणि हो, गिटारी. मला आवाज ऐकू यावा म्हणून मी गिटारी अशा करत गेलो की दुसऱ्यांच्या कानात खिळे ठोकल्यासारखं होतं. वर्षभरात गेलेल्या सगळ्या तशा आहेत. भट्टीचं लाकूड कडक होतं म्हणून माझ्या बोटाला कळायचं. मी बोटाने ऐकत होतो आणि कानाच्या गप्पा मारत होतो.

डॉक्टरांकडून आल्यावर तुझी पानं काढली. पिपाणीला म्हटलं, तू धर, मी टकोरा मारतो, आवाज संपला की मान हलव. मी टकोरा मारला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. तिची मान हलेना. मला वाटलं विसरली. ती म्हणाली, 'बाबा, अजून वाजतंय.' मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पान तसंच. तू जी पहिल्यांदा पाठवलीस आणि मी परत केली तीही तशीच असणार. तुझ्या वखारीत काहीही बिघडलेलं नव्हतं. पत्रा, पट्ट्या, वारा, सगळं मी बनवून सांगितलं होतं, आणि तू त्यावर विश्वास ठेवून दुखऱ्या पाठीने थप्प्या उपसत बसलीस.

मी तुला कान दाखवून घे म्हणालो. तुला. जिने मला लहानपणी वखारीत फळीला कान लावून बसवलं आणि ऐकायला शिकवलं, तिला मी लिहिलं की वय झालं. ते पत्र परत मागता येत नाही. मागता आलं असतं तर मी मध्यरात्री उठून घ्यायला आलो असतो.

शनिवारी गिटारवाले जमले तेव्हा मी उभा राहून सांगितलं. म्हटलं, ताईच्या लाकडाबद्दल मी जे बोललो ते सपशेल चूक होतं, तिचं लाकूड होतं तसंच आहे, मलाच ते ऐकू येत नाही. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, 'अहो, आम्ही तुमच्या शब्दावर त्यांचं लाकूड बंद केलं.' मी म्हटलं, म्हणूनच सांगतोय. मग सगळे चपला शोधायला लागले.

ताई, फर्निचरवाल्याला नाही म्हण. बोलणं झालं असेल तर मोड, मला पुढे कर, माझ्या नावाने काय वाटेल ते सांग. ते लाकूड ड्रॉवरमध्ये घालायचं नाही. त्यातलं काही बाबांनी चिरलेलं आहे. आणि तू टकोरा मारायचं सोडू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.

क्षमा माग असं पिपाणी म्हणाली. मागतो. पण तू ती लगेच देऊ नकोस, कारण तू देशील आणि मला ते सहन होणार नाही.

ज्याने तुला खोटं पाडलं तो,
धाकटा


१९ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. पिपाणी सुट्टी संपवून काल परत आली. मी दारातच विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, 'आत्याने विचारलं, तुझे बाबा वेळेवर जेवतात का.'

बाकीचं तिने नंतर सांगितलं, माझ्यासमोर बसून, मला ओठ दिसतील असं. मी उशीर केला. वखार रिकामी आहे. फर्निचरवाल्याचे ट्रक मार्चअखेरीसच येऊन गेले. माझं 'तुला योग्य वाटेल तसं कर' पोचलं आणि तू दुसऱ्याच दिवशी त्याला हो म्हणालीस. तू पत्र वखारीच्या उंबऱ्यावर बसून वाचलंस, घडी केलीस आणि पिपाणीला आत नेऊन जेवायला वाढलंस. चिडली नाहीस. ताई, तू चिडायला हवं होतंस. चिरंजीव म्हणायला हवं होतंस.

पण ज्यामुळे काल मी भरल्या ताटावरून उठलो ते वेगळंच आहे. पिपाणी म्हणाली, एक फळी तू मागे ठेवली होतीस. ती तू तिला धरायला दिलीस आणि म्हणालीस, 'तूच वाजवून सांग गं, मला आता खात्री वाटत नाही.' ती म्हणाली, आत्या, छान वाजतंय. तर तू म्हणालीस, 'हो का?' आणि फळी ठेवून दिलीस.

लाकूड गेलं हे एक. पण हे मी केलं. माझे कान यंत्राने नेले, तुझे मी नेले, तेही धडधाकट असताना.

आज सकाळी मी त्या फर्निचरवाल्याच्या गोदामात गेलो. शहराच्या बाहेर आहे, मोठं, वर पत्रे, आत तीन यंत्रं. माणूस वाईट नाही, जाडजूड आणि घाईत. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'साहेब, मला काय, देवदार तो देवदार. थोडं कापलं गेलंय, कपाटांच्या पाठींना. बाकीचं आहे. तुमचं तुम्ही शोधून काढा, घेतल्या भावाने परत देतो. फक्त महिनाअखेरीच्या आत, मग मला ऑर्डर आहे.' मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो.

मग त्याने मला थप्पीपाशी नेलं. ताई, त्याने तुझं लाकूड त्याच्याकडच्या दुसऱ्या देवदारात मिसळलंय. तडा जाऊ नये म्हणून तू मेण लावतेस ती टोकं छाटून टाकली आहेत, त्यामुळे तुझ्या खडूच्या खुणाही गेल्या. रंग एक, जाडी एक, वजनही हातात सारखंच. ते दुसरं लाकूडही चांगलं वाळलेलं आहे, सरळ रेषेचं आहे. मी डोळ्याने बघत राहिलो, वास घेतला, पाण्याचं बोट फिरवून पाहिलं. काही कळेना.

आणि मग मी काय केलं ते सांगतो, सगळं सांगायचंच ठरवलंय तर. मी एक फळी उचलली, काठाशी धरली, टकोरा मारला आणि मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. फर्निचरवाला आणि त्याचे दोघे सुतार कौतुकाने बघत होते. मी ती फळी एका बाजूला ठेवली. दुसरी उचलली, तिला टकोरा मारला, ती दुसऱ्या बाजूला ठेवली. मनाला येईल तशा. असं मी बराच वेळ केलं. एवढं सगळं होऊन गेल्यावरसुद्धा, तीन परक्या माणसांसमोर मला उस्ताद दिसायचं होतं. शेवटी मी फळी खाली ठेवली आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही, मी नाटक करत होतो. सुतारांतला एक जण दुसरीकडे बघायला लागला. फर्निचरवाल्याने मला स्टूल दिलं.

पिपाणीला घेऊन जाता आलं असतं. तिला वाजतंय की नाही एवढं कळतं. पण तिथलं दुसरं लाकूडही थोडंफार वाजतं. तुझ्या वखारीत मुरलेलं कसं वाजतं आणि भलतीकडचं कसं, हे ओळखणारे आपण तिघंच होतो. बाबा गेले. माझं तुला ठाऊक आहे.

म्हणून तू ये. भाऊजींनाही आण, इथे त्यांना खुर्ची मिळेल, फर्निचरवाल्याकडे खुर्च्यांना तोटा नाही. पिपाणी स्टँडवर घ्यायला येईल. फळ्या उचलायचं काम माझं, तू फक्त बसायचं आणि टकोरा मारायचा. तू म्हणशील ती फळी तुझी, तू म्हणशील ती परक्याची. मी एकदाही 'नक्की का?' असं विचारणार नाही. तुला खात्री वाटत नाही असं तू म्हणशील, मला माहीत आहे. नसू दे. खात्री नसताना मार. तू एखादी चुकलीस असं तुला वाटलं तर ती माझ्याकडे दे, मी तिची गिटार करीन आणि संगीताच्या बाईंना वाजवायला देईन, मग त्या सांगतील.

आणि तुला यायचं नसेल तर मी काही म्हणायच्या लायकीचा नाही. मग ते लाकूड कपाटांच्या पाठींना जाईल, आणि त्या कपाटांत लोक कपडे ठेवतील, आणि त्यांना आयुष्यभर कळणार नाही की आपल्या पाठीमागे काय आहे. मला मात्र दर वेळी कुणाच्या घरी कपाट दिसलं की ते कळेल.

रोज सकाळी मी गोदामाच्या दारात उभा राहीन. तू आलीस तर मागून हाक मारू नकोस, समोर ये.

तुझा बहिरा भाऊ